दुकानाचं तोंड

तो माणूस आता या जगात नाही, आणि गेलेल्या माणसाबद्दल वाकडं बोलू नये एवढं मलाही कळतं. पण मला त्याचा राग येतो, अजून येतो, त्याला मी काय करू? ताज्या दळलेल्या कॉफीचा वास आला की लोकांना म्हणे बरं वाटतं. माझं डोकं तापतं.

चेन्नईला मैलापुरात त्याच्या घरात वरच्या मजल्यावर आम्ही भाड्यानं राहत होतो. माझा नवरा एन्नोरच्या बंदरात नोकरीला. सकाळी डबा घेऊन निघायचा तो अंधार पडल्यावर कोळशाची धूळ अंगावर घेऊन परत यायचा. मी दिवसभर घरात. सातारहून आणलेलं इंटिरियरच्या डिप्लोम्याचं सर्टिफिकेट भिंतीवर लटकवलेलं, आणि हाताला काम नाही. खाली मालकांचं कॉफीच्या पुडीचं दुकान, पुडी म्हणजे तिकडं भुकटी. दुकान म्हणजे रस्त्याकडे तोंड केलेली एक अरुंद खोली, तिच्यात दळायचं मशीन. शेजारून घरात जायचा बोळ, मग चौक, आणि सगळ्यात मागं बिया भाजायची खोली.

मालक तंजावरचे मराठी. म्हणजे पूर्वज कधीकाळी आपल्या राजांबरोबर तिकडं गेलेले, आणि यांची भाषा तेव्हापासून तशीच राहिलेली, वर तमिळचा हेल. आसपासचे तमिळ लोक त्यांना रायर म्हणायचे. मी मामा म्हणायचे. घर बघायला गेलो त्या दिवशी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळून म्हणाले, "सातारची नां तूं? बरें. वर राहा. पण नळ नीट बंद करून सोड. तुमच्या गांवचीं माणसें पाणी सांडितात." अहो, मी त्यांना जन्मात पहिल्यांदा भेटत होते! आमच्या गावची माणसं यांनी कुठं पाहिली होती कोण जाणे.

बायको कधीच वारलेली, मूलबाळ नाही. अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, धोतर, खांद्यावर पंचा, आणि नाक. त्या नाकाबद्दल सांगितल्याशिवाय मला पुढे जाताच येणार नाही.

त्यांच्याकडे पुडी कागदात बांधून मिळत नसे. घरून डबा आणायचा. मामा झाकण काढायचे, डबा दोन्ही हातांत धरून आत नाक घालायचे, डोळे मिटायचे. मग निकाल. "यांत जिरें ठेवली होतीस. जा. धुवून, उन्हांत वाळवून आण." समोर कोण उभं आहे याचं सोयरसुतक नाही. मोठमोठे वकील रिकामा डबा घेऊन निमूट परत जाताना मी पाहिलेत. एका नव्या सुनेला तर भर दुकानात म्हणाले, "हा डबा सासूनें दिला नां? यांत सांबाराची पुडी होती. मुद्दाम दिली." त्या घरात त्या दिवशी काय महाभारत झालं असेल ते देवच जाणे. माझाही डबा त्यांनी एकदा परत पाठवला. मी त्यांच्याच घरात राहते, भाडं वेळेवर देते, आणि मला सगळ्यांसमोर म्हणतात, "काळा मसाला." होताच. पण म्हणून काय दवंडी पिटायची?

डबा पास झाला तरी हवी ती पुडी मिळेल असं नाही. लोक कडक मागायचे आणि मामा विचारायचे, "घरीं कोण आलें आहे?" जावई आलाय म्हटलं तर कॉफीत मिसळायची चिकोरी कमी, नणंद आलीय म्हटलं तर जास्त. पाहुणा नसेल तर त्यांच्या मनाला येईल तसं. कोणी म्हणालंच, "अहो, पिणार मी, मला हवी तशी द्या," की मामांचा हात बटणाकडे जायचा.

ते बटण! मशीनचं बटण त्यांच्या उजव्या हाताशी होतं. समोरचा भांडायला लागला, न पटणारं काही बोलायला लागला, की मामा बटण दाबायचे. घर्रर्र. जुनं लोखंडी धूड ते. सुरू झालं की वर माझ्या फडताळातली भांडी वाजायची. तुमचं तोंड हलतंय आणि आवाज कुठंच नाही. मामा शांतपणे बिया ओतताहेत. कधीकधी तर बियाही नसायच्या, नुसतं रिकामं मशीन फिरतंय. मी एकदा गच्ची गळते म्हणून सांगायला गेले. "मामा, पाऊस..." एवढंच बोलले असेन, घर्रर्र. उभ्या आयुष्यात माझा इतका अपमान कोणी केला नव्हता. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणतो, "बरं आहे की. असं बटण आपल्याकडं पण पाहिजे." मग त्याच्याशीही मी बोलणं टाकलं.

आणि मग रस्त्याखालून बोगदा काढायचं काम आलं. एका सकाळी दुकानासमोर निळे पत्रे उभे. माणसापेक्षा उंच. दुकानाची पायरी आणि पत्रा यांच्यामध्ये एखादा माणूस आडवा होऊन जाईल एवढी फट. कोणाला विचारलं नाही, कोणाला सांगितलं नाही. साइटवर विचारलं तर म्हणे ऑफिसात विचारा, ऑफिसात गेलं तर म्हणे साइटवर विचारा. किती दिवस? बघू. रस्त्यावरून जाणाऱ्याला दुकान दिसेना, आणि ज्यांना माहीत होतं ते त्या फटीतून डबा घेऊन अंग चोरत यायला कंटाळले. दुकानात दिवसच्या दिवस कोणी फिरकेना. मशीन गप्प झालं. आधी त्याच्या आवाजानं माझं डोकं उठायचं, आता ते वाजत नाही म्हणून उठायला लागलं.

एक दिवस मामा जिना चढून वर आले. आम्ही राहायला आल्यापासून पहिल्यांदाच. उभ्या उभ्याच म्हणाले, "पोरी, तूं दुकानांचीं तोंडें करतीस म्हणतात. मला एक करून दे. दुकान फिरवतों मी."

"फिरवता म्हणजे?"

"पुढें पत्रा आला नां? मग मागें तोंड. भाजायच्या खोलीचें दुकान. पोंगलपर्यंत गिऱ्हाईक आलें तर बरें. नाहीं तर मिषिन विकून सोडतों." जिन्यावरून उतरता उतरता थांबले. "मिषिन नाहीं तर मी पण कशाला?"

हे ऐकल्यावर मात्र मी राग बाजूला ठेवून मोजायची टेप शोधायला लागले. खोटं कशाला बोलू.

आमच्या घराच्या पाठीमागं एक गल्ली होती. या बाजूला सगळ्या जुन्या घरांची मागची दारं, न्हाणीघरं, कचऱ्याचे डबे. त्या बाजूला लहान लहान घरांची ओळ. तिथं महापालिकेत झाडूकाम करणारे, हातगाडीवाले, घरोघरी धुणीभांडी करणाऱ्या बायका असे लोक राहायचे. गल्ली चांगली रुंद, टोकाशी बसथांबा. माणसांची ये-जा भरपूर. दुकान चालायला हरकत नव्हती. मला वाटलं, आलं बाई काम. माझं पहिलं काम!

मी टी. नगरला जाऊन साड्यांच्या दुकानांची तोंडं डोळे भरून बघून आले. पूर्ण काचेचा दर्शनी भाग काढला, आत पिवळा उजेड. मामांनी कागद उलटा धरून बघितला. "काच कशाला? कॉफी डोळ्यांनी पितात काय?" मग मी पाटीवर वाफाळता पेला काढला. "वाफ कोण बघतो? वास आहे नां." मग रंग दाखवले. घर्रर्र. त्यांचं म्हणणं एवढंच: पायरी नको, उंबरा नको, दार रुंद, काउंटर कमरेएवढा. "आणि ती खिडकी फोडून सोड."

खिडकी म्हटल्यावर माझं टाळकं सरकलं. कारण त्या अख्ख्या घरात बघण्यासारखी वस्तू ती एकच होती. भाजायच्या खोलीच्या मागच्या भिंतीत, गल्लीकडे उघडणारी. अस्सल बर्मा सागाची चौकट, एकच झडप, आणि खाली काळ्या दगडाचा ओटा. त्या दगडात बशीएवढा खळगा मुद्दाम कोरलेला, गुळगुळीत. मला वाटलं, चिमण्यांना पाणी ठेवायला केला असेल. काय रसिक लोक होते, असं आपलं मनात आलं.

"मामा, ही खिडकी म्हणजेच दुकानाचा चेहरा. बाकी काही करू नका. हिच्यातून पुडी द्यायची. टी. नगरच्या काचांच्या तोंडात मारेल अशी दिसेल बघा."

"फोड."

"अहो, असं लाकूड आता मिळत नाही."

"फोड म्हणून सांगितलों नां!"

"का पण? कारण तरी सांगा!"

मशीन तोवर मागच्या खोलीत आणून बसवलं होतं. घर्रर्र.

मीही सातारची. ठरवलं, करून दाखवायचं, मग बघू कसे नाही म्हणतात. मामा बियांची पोती आणायला जॉर्ज टाउनला गेले त्या दिवशी मी खिडकी धुतली, घासली, चौकटीला तेल पाजलं. सागाचा रंग असा उजळला की काय सांगू! इकडं दारात पितळेच्या पसरट उरळीत पाणी घालून फुलं सोडतात, तसं मी त्या दगडाच्या खळग्यात पाणी भरलं आणि झेंडूच्या पाकळ्या सोडल्या. मग बाहेरून माणूस उभा राहिला की ओटा कुठवर येतो ते बघायला मल्लिकाला हाक मारली.

मल्लिका म्हणजे आमची गल्ली झाडणारी. पलीकडच्या ओळीतच घर. नोकरीतून निवृत्त व्हायला आलेली, आवाज खणखणीत. मागच्या गॅलरीतून आमच्या रोज गप्पा. माझ्या मोडक्या तमिळला हसायची, सुधारायची, पुन्हा हसायची.

"मल्लिका, खिडकीशी उभी राहा गं जरा. उंची बघायचीय."

झाडू भिंतीला टेकवून ती हसत आली. आणि चार हात लांब थांबली. समोर पण नाही, जरा एका बाजूला.

"अशी नाही गं, जवळ ये. हात टेक दगडावर."

ती हलेना. नजर त्या खळग्यातल्या पाण्यावर. तोंडावरचं हसू गेलं होतं.

"इन्नुमा?" ती म्हणाली. म्हणजे, अजूनही?

मला काही कळेना. "काय अजूनही?"

"पाणी," ती म्हणाली. मग माझ्या तोंडाकडे बघून तिला समजलं असावं की या बाईला काहीच ठाऊक नाही. तिनं तिथूनच, त्याच अंतरावरून सांगितलं. "लहानपणी आईबरोबर यायचे मी इथं. पुढच्या दारानं आम्हाला यायचं नव्हतं. डबा दगडाच्या कडेवर ठेवायचा आणि मागं सरायचं. नाणं त्या पाण्यात टाकायचं. आमच्या हातचं नाणं पाण्यात पडलं की मग ते उचलायचे. आणि पुडी वरून ओतायचे, डब्याला हात न लावता."

"कोण? मामांचे वडील?"

"ते पण. हे पण."

"हे म्हणजे?"

"हेच की, तुझे मामा. मिशी होती तेव्हा. आई मला म्हणायची, लांब उभी राहा, नाही तर सामी ओरडतील."

"मग हे बंद कधी केलं त्यांनी?"

"त्यांनी?" मल्लिका म्हणाली. "त्यांनी कुठं केलं? मी नोकरीला लागले आणि आईला म्हटलं, आता बाजारातली पाकिटातली पिऊ. आम्हीच यायचं सोडलं. मग बाकीच्यांनी सोडलं."

माझ्या हाताला अजून तेल होतं. ज्या चौकटीला मी सकाळभर जीव लावला होता तिच्यावरून हात काढला, तर तो कुठं ठेवावा कळेना. आणि पाठीमागं चाहूल लागली. मामा आले होते. खोलीच्या दारात पंचा हातात घेऊन उभे. फुलं घातलेलं ते पाणी बघत होते.

मल्लिकानं झाडू उचलला आणि ती गेली.

मी भडकले. असली भडकले की माझं मलाच नवल वाटलं. "तुम्हाला सांगायला काय झालं होतं हो? फोड, फोड! कारण विचारलं तर मशीन! मी वेड्यासारखी फुलं घालत बसले, त्या बाईला इथं बोलवून उभी केली, जवळ ये म्हणून ओरडले! काय वाटलं असेल तिला? आणि तुम्ही..."

घर्रर्र.

मी त्या आवाजात ओरडत राहिले. काय ओरडले ते मलाही ऐकू आलं नाही. मामा मशीन तसंच रिकामं चालू ठेवून आत गेले आणि लोखंडी पहार घेऊन आले. आधी दगड. दोन्ही हातांनी पहार वर उचलून त्या खळग्यात घातली. पाणी, पाकळ्या, कपच्या सगळं अंगावर. म्हातारा माणूस, छाती भात्यासारखी हलतेय, पण थांबेना. मग चौकट. सागाची ढलपी उडाली तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्या लाकडासाठी रडू येतंय म्हणून मला स्वतःचाच संताप आला.

मशीन बंद केलं तेव्हा भिंतीला भगदाड पडलं होतं आणि गल्लीतला उजेड थेट मशीनवर येत होता.

मामा पोत्यावर बसले. त्यांना बसलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. "माझा बाप ओतला, मी ओतलों," ते म्हणाले. "कोणी ओत म्हणून सांगितलें नाहीं. बघून बघून हात शिकला."

"मग आता जा आणि तिची माफी मागा."

ते उठले. मला वाटलं निघाले. बटणाकडे गेले होते.

असो. भगदाडाचं दार झालं. रुंद, बिनउंबऱ्याचं. पायरी नाही, आतली फरशी गल्लीच्या जमिनीला सरळ मिळालेली. काउंटर कमरेएवढा. पाटीवर नुसतं कॉफी, एवढंच, मोठ्या तमिळ अक्षरांत. इंटिरियरच्या डिप्लोम्याची पार वाट लागली.

उद्घाटनाच्या आधी एक निवृत्त अधिकारी आले. पलीकडच्या मोठ्या घरातले, मामांचं फार जुनं गिऱ्हाईक. समोरच्या फटीतून, बोळातून थेट चौकात. मी तिथंच होते. गोड आवाजात म्हणतात, "रायर, आम्ही त्या गल्लीतून कसं यायचं? कचरा, वास, आणि ती सगळी मंडळी. तुम्ही असं करा, आम्हा जुन्या लोकांना इथून बोळातूनच देत जा. मुकाट्यानं. कोणाला कळणारही नाही."

कचरा! त्या गल्लीतला कचरा कोणाचा हो? यांच्याच स्वयंपाकघरातला, यांच्याच मागच्या दारातून टाकलेला, आणि रोज सकाळी मल्लिका उचलते तो! मी तोंड उघडणार एवढ्यात मामा म्हणाले, "दार मागें आहे. सगळ्यांना एकच."

"रायर, वडिलांच्या वेळेपासून येतो मी तुमच्याकडं!"

"होय. म्हणून वाट चुकायची नाहीं तुम्हांला."

साहेब पुढं बोलायला लागले तसे मामा चौकातून मागच्या खोलीत गेले आणि घर्रर्र. त्या आवाजाचा मला राग न येण्याची ती पहिली वेळ. दुसऱ्या दिवशी मात्र आलाच, कारण मामांनी बोळ छतापर्यंत पोत्यांनी भरून टाकला. कोणी म्हणजे कोणी पुढून येता कामा नये. आणि मी? मी भाडेकरू! भाजीच्या पिशव्या घेऊन मला आख्खा वळसा घालून गल्लीतून, दुकानातून, मशीनला वळसा मारून घरी यायचं! बोलायला गेले. पुढचं सांगत नाही.

पोंगलच्या आधी दुकान उघडलं. नारळ फोडला, दृष्ट लागू नये म्हणून दारावर कोहळा टांगला. मामा नवा शर्ट घालून काउंटरच्या मागं. आणि कोणी येईना. जुनी गिऱ्हाइकं तर नाहीच. गल्लीतली माणसं आपापल्या दारात उभी राहून बघत होती. आमचं दार आणि त्यांची दारं यांच्यामध्ये मोकळी गल्ली, झाडून लख्ख केलेली. कोणी पाऊल टाकेना.

"बोलवा ना त्यांना," मी म्हटलं.

"दार आहे नां. उघडें आहे."

"नुसतं दार उघडून होत नाही मामा! इतकी वर्षं..."

तेवढ्यात मल्लिका निघाली. कामावरून येऊन तोंड धुतलेलं, हातात अॅल्युमिनियमचा डबा. गल्ली ओलांडून सरळ आली, सरळ आत आली, आणि डबा काउंटरवर आपटून ठेवला.

मामांनी तो दोन्ही हातांनी उचलला. झाकण काढलं. मी मनात म्हटलं, आज नको हो मामा, निदान आज तरी नको! त्यांनी आत नाक घातलं आणि डोळे मिटले.

"यात सुकी मासळी होती," तमिळमध्ये म्हणाले. "जा. धुवून, उन्हात वाळवून आण."

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. 

"योव रायरे!" मल्लिका ओरडली. योव म्हणजे आपल्याकडचं 'ए'. सामी नाही, ऐया नाही, मानाचं काहीच नाही. ए रायर! "माझ्या आईचा डबा कधी हातात घेतला होतास? तिच्या नाण्याला आंघोळ घालायचास तू! चिंचेनं घासून आणायची ती डबा, तुझ्या देवघरातल्या भांड्यापेक्षा लख्ख. आणि तू वरून ओतायचास, अर्धी पुडी मातीत. ती मातीतून वेचून घ्यायचो आम्ही! तू बघत होतास! तेव्हा कुठं गेलं होतं तुझं नाक? आणि आज तुला वास आला? आज?"

मामांचा उजवा हात बटणावर होता. सवयीनं गेलेला. मला ते बोट दिसत होतं. आता जर यांनी दाबलं ना, मी ठरवलं, तर सामान आवरायचं आणि आजच्या आज हे घर सोडायचं.

मल्लिका बोलत राहिली. आईबद्दल, थोरल्या भावाबद्दल, त्याला एकदा या खिडकीखालून हाकललं होतं त्याबद्दल. तिचा आवाज चिरकला, तरी बोलत राहिली. मामांचं बोट बटणावरच होतं. मग त्यांनी हात तिथून काढला आणि काउंटरवर तिच्यासमोर ठेवला. तिचं शेवटचं अक्षर संपेपर्यंत तो तिथंच होता.

ती थांबली. दम लागला होता तिला.

मामा हळू म्हणाले, "डबा धुवून आण, अम्मा."

बस. एवढंच! तिनं डबा हिसकावून घेतला आणि गेली. मी मामांना म्हटलं, "झालं समाधान? विका आता मशीन."  ते पंच्यानं काउंटर पुसत राहिले, पुसलेलाच पुन्हा पुसत.

माफीचा शब्द त्या माणसानं शेवटपर्यंत काढला नाही. माझा राग आहे तो याचा. भिंत फोडली, बोळ बुजवला, जुनी गिऱ्हाइकं घालवली, पण तोंडातून एक शब्द नाही. पुढं मी मल्लिकाला एकदा म्हटलंही, तुला नाही का गं चीड येत? ती म्हणाली, "येते. रोज येते. तू काय समजलीस, गेली?"

तर उद्घाटनाच्या त्या दिवशी ऊन कलल्यावर ती परत आली. पाठीमागं गल्लीतल्या बायका, बहुतेक पुढचं भांडण बघायला. पण हातात प्रत्येकीच्या डबा होता. मल्लिकानं आपला डबा काउंटरवर आपटला. उन्हानं तापलेला होता तो, मामांनी हात लावला तेव्हा बोटं झटकन मागं घेतली आणि पंच्यात धरून पुन्हा उचलला.

"हं," ती म्हणाली. "हुंग."

मामांनी नाक आत घातलं. बराच वेळ डोळे मिटून उभे होते. मग डबा खाली ठेवला, मान हलवली आणि सगळ्यांना विचारायचे तेच तिला विचारलं, "घरी कोण आलंय?"

"कोणी नाही," मल्लिका म्हणाली. "मी पिणार आहे. कडक दे."

मामांनी मशीनमध्ये बिया ओतल्या आणि बटण दाबलं.